व्हॉल्व्ह नसलेला यू ४७

फोनवर विचारलेला प्रश्न एका ओळीचा होता. "हा माइक व्हॉल्व्हचा आहे की ट्रान्झिस्टरचा, एवढंच सांगाल का?" (व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचा, क्षीण आवाज मोठा करणारा, तापून चालणारा निर्वात दिवा.) बाईंना माइकमधलं काही कळत नव्हतं आणि तसं त्यांनी आधीच सांगून टाकलं. त्यांचे मामा आयुष्यभर ध्वनिमुद्रणात होते. मामा गेले, खोली रिकामी करायला घेतली, आणि कपाटातून एक न्यूमन यू ४७ निघाला. जुन्या ध्वनिसामानाचा एक खरेदीदार येऊन गेला. त्याने माइकची नळी, म्हणजे बाहेरचं धातूचं आवरण, उतरवली, आत डोकावला आणि म्हणाला, "यात व्हॉल्व्हच नाही. हा नंतरचा, ट्रान्झिस्टरवाला." भावही त्याच हिशोबाने सांगितला, वर लगेच पैसे मोजायची तयारी. ही घाई बाईंना खटकली.

घाई हा काही पुरावा नव्हे. मीही चांगली वस्तू दिसली की घाई करतो. पण प्रश्न रास्त होता, कारण यू ४७ या नावाचे दोन माइक आहेत. पहिला १९४९ साली बर्लिनच्या न्यूमन कंपनीने बाजारात आणला. त्यात टेलिफुंकेन या जर्मन कंपनीचा व्हीएफ १४ हा व्हॉल्व्ह होता, आणि १९६५ च्या सुमारास तो बंद झाला. दुसरा, यू ४७ एफईटी, १९७२ साली आला. डोकं तसंच, कॅप्सूल (आवाज टिपणारी पडद्याची चकती) त्याच घराण्याची, पण व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर. दुसराही उत्तम माइक आहे, बास ड्रमसमोर तर तो आजही हौसेने लावतात. बाजारात मात्र दोघांच्या भावात एवढं अंतर आहे की नावातला 'एफईटी' खरा की खोटा यावरच सगळा व्यवहार फिरतो.

मी तीन गोष्टी विचारल्या. माइकच्या तळाला जोड कसला आहे? जाळीखाली, समोरच्या बाजूला कसली खूण आहे? आणि माइकबरोबर विजेची वायर असलेली एखादी पेटी होती का?

"पेटी होती की. राखाडी, जड. ते गृहस्थ म्हणाले भंगार आहे, टाकून द्या."

"टाकली?"

"अजून जिन्याखाली आहे."

निम्मं उत्तर तिथेच मिळालं. एफईटीवाला माइक ४८ व्होल्टच्या फँटमवर चालतो, म्हणजे मिक्सरमधून त्याच माइकच्या वायरने येणाऱ्या विजेवर. त्याला स्वतंत्र पेटी लागत नाही. व्हॉल्व्हवाल्याला लागते. मामांनी उगाच एक जड पेटी सांभाळून ठेवली असेल हे शक्य होतं, पण संभवनीय नव्हतं. मी दोनच सूचना दिल्या: काहीही टाकायचं नाही, स्क्रूसुद्धा नाही; आणि ती पेटी प्लगला लावून बघायची नाही.

तिसरी सूचना द्यायला उशीर झाला होता. विकायच्या आधी वस्तू लखलखीत करावी असं कोणीतरी सुचवल्यामुळे बाईंनी माइकची एक बाजू पितळ घासायच्या पॉलिशने चमकवली होती. दोन्ही बाजू झाल्या नाहीत, कारण हात दुखले. यू ४७ च्या नळीवर निकेलचा मंद, दुधाळ थर असतो. घासलेल्या बाजूला तो आरशासारखा झाला होता, आणि एका ठिकाणी तर खालचं पितळ पिवळं डोकावत होतं. हे परत आणता येत नाही. नव्याने निकेल चढवता येतं, पण मग ते 'नव्याने चढवलेलं' म्हणून मोजलं जातं. बाईंना मी एवढंच म्हटलं, की आता जाळीला तरी हात लावू नका. जाळीआड सोन्याचा मुलामा दिलेला, केसाहून कितीतरी पातळ पडदा असतो. पॉलिशचा एक कण त्यावर बसला तर तो फुंकूनही काढता येत नाही, कारण फुंकरीबरोबर थुंकीची वाफ जाते.

माइक टेबलावर आला तेव्हा आधी बाहेरून पाहिला. तळाचा जोड अनेक पिनांचा, गोल. नेहमीचा तीन पिनांचा एक्सएलआर नव्हता. जाळीखालच्या छोट्या सरकत्या बटणाशी दोन खुणा, एक वर्तुळ आणि एक बदाम. म्हणजे सगळीकडून ऐकणं आणि फक्त समोरून ऐकणं. याच माइकचा भाऊ यू ४८ दिसायला हुबेहूब असतो, पण त्याच्यावर वर्तुळाऐवजी आठाचा आकडा असतो. एफईटीवर हे दिशा बदलणारं बटणच नाही. तो एकाच दिशेचा. नळी लांब होती, म्हणजे आधीच्या वर्षांतली. पुढे न्यूमनने ती आखूड केली.

बिल्ला मी मुद्दाम शेवटी पाहिला. लोक सर्वांत आधी तोच बघतात. यू ४७ न्यूमनने बनवला, पण बाहेरदेशी बरेच नग टेलिफुंकेनने विकले, म्हणून त्यांच्यावर टेलिफुंकेनचा बिल्ला असतो, आणि काही लोक 'टेलिफुंकेन यू ४७' म्हणजे जणू वेगळा माइक असं समजतात. आत काहीही फरक नाही. शिवाय आज बिल्ला नवा मिळतो, जाळी नवी मिळते, नळीसुद्धा नवी मिळते. या माइकच्या इतक्या नकला आणि सुटे भाग निघाले आहेत की बाहेरचा एकही भाग एकटा शपथेवर बोलत नाही. या नगावर न्यूमनचा बिल्ला होता, कडा झिजलेल्या, खाचेत जुना मळ. मळ मला बिल्ल्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

नळी काढली. खरेदीदार खोटं बोलला नव्हता. व्हीएफ १४ हा अंगठ्याहून जाड, काळपट पोलादी डबीसारखा व्हॉल्व्ह, आणि तो जिथे असायला हवा तिथे तो नव्हता. त्या जागी एक लहानसं अ‍ॅडॅप्टर होतं आणि त्यावर शिवणकामाच्या टोपणाएवढी चकचकीत धातूची डबी. काच नाही, तांबूस उजेड नाही. कोणीही ट्रान्झिस्टर म्हणावं असंच रूप.

डबीच्या अंगावर भिंगातून अक्षरं वाचली: १३ सीडब्ल्यू ४. हा ट्रान्झिस्टर नव्हे, हा न्यूव्हिस्टर. १९५९ साली अमेरिकेच्या आरसीएने काढलेला, धातू आणि सिरॅमिकचा, काच नसलेला पिटुकला व्हॉल्व्ह. ट्रान्झिस्टर दारात येऊन उभा होता तेव्हा व्हॉल्व्हवाल्यांनी मारलेली ती शेवटची उडी. मागाहून टीव्हीच्या ट्यूनरमध्ये आणि काही माइकमध्ये तो गेला. एकेजी कंपनीचा सी १२ ए माइक न्यूव्हिस्टरवरच चालतो.

मग तो या माइकमध्ये कसा? टेलिफुंकेनने व्हीएफ १४ बनवणं बंद केलं, आणि तेही सगळे व्हीएफ १४ माइकला चालत नसत. स्वतःची खरखर कमी असलेले निवडून त्यांच्यावर 'एम' असा शिक्का मारत. साठा आटला तेव्हा न्यूमननेच जुन्या यू ४७ साठी न्यूव्हिस्टरचा पर्याय पुढे केला. म्हणजे हे कोणा हौशी माणसाचं डोकं लढवणं नव्हतं, त्या काळची अधिकृत दुरुस्ती होती. माइक पहिल्याच जातीचा, १९७२ च्या नव्हे. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर झालं. किंमत मात्र अजून ठरायची होती, कारण किंमत 'यू ४७' या नावाला लागत नाही. ती कॅप्सूल, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, पेटी आणि नळी या पाच जणांना वेगवेगळी लागते, आणि पाचही जण एकमेकांपासून वेगळे होऊ शकतात.

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि तो अ‍ॅडॅप्टरवर. बघायचं होतं ते एवढंच: हे परत फिरवता येतं का? काही दुरुस्त्यांत मूळ सॉकेट उपटून टाकतात, चौकटीला भोकं पाडतात, वायरी कापतात. मग पुढे व्हीएफ १४ मिळाला तरी त्याला बसायला जागा नसते. या नगात अ‍ॅडॅप्टर मूळ सॉकेटमध्येच खोचलेलं होतं. सोल्डरचे डाग सगळे एकाच जुन्या, मंद रंगाचे. ताजा, चकचकीत एकही नाही. आणि शेजारी तो जाडजूड १७८० ओहमचा रेझिस्टर जागच्या जागी होता.

या रेझिस्टरची गंमत सांगायलाच हवी. पेटीतून माइकला १०५ व्होल्ट मिळतात, आणि याच एका पुरवठ्यावर व्हॉल्व्हचा फिलामेंटही (व्हॉल्व्ह तापवणारी तार) तापतो. व्हीएफ १४ चा फिलामेंट मुळात ५५ व्होल्ट आणि ५० मिलिअँपसाठी. न्यूमनने त्याला मुद्दाम उपाशी ठेवलं, ३६ व्होल्टच्या आसपास, म्हणजे खरखर कमी आणि आयुष्य जास्त. उरलेले सत्तरएक व्होल्ट हा रेझिस्टर जाळतो, म्हणून यू ४७ हाताला कोमट लागतो. आता न्यूव्हिस्टर बघा. त्याला १३.५ व्होल्ट आणि ६० मिलिअँप लागतात. १०५ मधून १३ गेले, राहिले ९२, भागिले १७८०, म्हणजे ५० मिलिअँपच्या जरा वर. तोही थोडा उपाशी, पण चालतो. रेझिस्टर बदलायची गरजच पडत नाही. हा न्यूव्हिस्टर का निवडला असेल ते या भागाकारात दिसतं.

ट्रान्सफॉर्मर मूळचा होता, बीव्ही ८ असं लिहिलेला. याचीही विक्री सुटी होते आणि उचलाउचलीही, म्हणून तो आहे हे पाहिलं, टोकापासून टोकापर्यंत वायर तुटलेली नाही हे मोजलं, आणि पुढे गेलो.

कॅप्सूलसाठी जाळी उघडली नाही. टॉर्च तिरकी धरून जाळीच्या भोकांतून बघितलं की पुरतं. पडद्याच्या मधोमध स्क्रू आणि त्याला वायर. न्यूमनच्या या घराण्याची ती खूण. (वायर कडेला असती तर एकेजीच्या जातीची कॅप्सूल कोणी बसवली असा संशय घेतला असता.) पण कडेने गोल फिरणारी बारीक स्क्रूंची ओळही दिसली. म्हणजे ही न्यूमनची के ४७ ही कॅप्सूल, त्याआधीची एम ७ नव्हे. एम ७ चा पडदा पीव्हीसीचा, थेट चकतीला चिकटवलेला, त्यामुळे कडेला स्क्रूंची रांग नसते. ही रचना युद्धापूर्वीच्या बाटलीसारख्या न्यूमन माइकपासून चालत आलेली. पीव्हीसी वर्षानुवर्षं सुकत जातं, ताठरतं, सोनं पापुद्रे धरतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस न्यूमन मायलार या प्लॅस्टिकच्या पडद्याकडे वळली आणि तो कडीवर ताणून स्क्रूने बसवू लागली, ती के ४७. गंमत म्हणजे कंपनीचा युद्धकाळात गेफेल गावी हलवलेला कारखाना पूर्व जर्मनीत राहिला आणि तिथे एम ७ पुढेही बनत राहिली.

लांब नळीचा, आधीच्या वर्षांतला माइक आणि आत के ४७, म्हणजे कॅप्सूल बदललेली. काही जण इथे मोठी वजावट करतात. मी करत नाही. के ४७ न्यूमनचीच आहे, आणि सुकलेल्या मूळ एम ७ पेक्षा धडधाकट के ४७ घेणाऱ्या गायकाला जास्त उपयोगी पडते. मूळपणाच्या नावाखाली मेलेला पडदा विकत घेणं मला कधी पटलं नाही. पण खरेदीदारांत तसं मानणारे आहेत, आणि भाव त्यांच्याही मतावर ठरतो.

"अजून एक डबा आहे," बाई म्हणाल्या. गोळ्यांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात स्क्रू, फ्यूज, वायरीचे तुकडे, टिश्यू कागदात गुंडाळलेली एक चकती, आणि एका खाकी पाकिटात एक काळपट पोलादी व्हॉल्व्ह.

माझे हात क्षणभर थांबले हे कबूल करतो. काढलेला व्हीएफ १४ मामांनी जपून ठेवला असेल, तर या डब्याची किंमत उरलेल्या माइकच्या जवळपास जाते. आकार बरोबर, पिना बरोबर. अंगावरची अक्षरं हात लागून पुसलेली, '१४' तेवढं दिसत होतं. बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, म्हणून मी चेहरा सांभाळला आणि मल्टिमीटर काढला.

व्हीएफ १४ ला एक जुळं भावंड आहे, ईएफ १४. तेच पोलाद, तेच रूप, तीच रचना. फरक फिलामेंटचा. ईएफ १४ ला ६.३ व्होल्ट आणि साधारण ४७० मिलिअँप लागतात. म्हणजे तापल्यावर त्याचा रोध १३ ओहमच्या आसपास. व्हीएफ १४ चा ५५ भागिले ०.०५, म्हणजे ११००. थंड असताना दोन्ही आकडे पुष्कळ खाली येतात, पण दोघांतली दरी तेवढीच राहते. मीटरच्या दोन सुया फिलामेंटच्या पिनांना लावल्या. शंभराच्या पुढे काहीतरी दिसावं अशी आशा होती.

दोन ओहम.

पुन्हा लावल्या. सुया एकमेकींना टेकवून मीटरचा स्वतःचा रोध वजा केला. आकडा आणखी खाली गेला. ईएफ १४ होता. या माइकच्या पेटीतून तो तापवणंही शक्य नाही. तिथे ५० मिलिअँप मिळतात, याला जवळजवळ दसपट हवेत. मामांनी तो का घेतला असेल? माझा तर्क असा, की व्हीएफ १४ च्या शोधात असताना कोणीतरी तो त्यांच्या गळ्यात मारला. किंवा वेगळा पुरवठा जोडून तो वापरायचा त्यांचा विचार होता. तसं करणारे आहेत. डब्यात चिठ्ठी नव्हती.

टिश्यूतली चकती मात्र खरी निघाली. एम ७, मूळची, दोन्ही पडदे सुकलेले, सोनं ठिकठिकाणी उडून काचेसारखं पारदर्शक झालेलं. वाजायची नाही, पण फेकायचीही नाही. तिच्या चकतीवरची भोकं नेमक्या खोलीची आणि नेमक्या अंतरावर असतात, आणि त्यावर नवे पडदे चढवणारे कसबी लोक आजही आहेत.

राहिली पेटी. जुनी पेटी सरळ प्लगला लावली की सुकलेले कपॅसिटर फुटतात, आणि माइक जोडलेला असेल तर त्यालाही घेऊन जातात. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले, जुने पिशवीत घालून चिठ्ठी लावली. वीज निवडायचा काटा २२० वर आहे हे पाहिलं. माइकऐवजी २००० ओहमचा दहा वॅटचा रेझिस्टर लावला, कारण भार नसताना पेटी १०५ च्या बरीच वर दाखवते आणि त्या आकड्याला अर्थ नसतो. मग व्हॅरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या यंत्राने) वीज हळूहळू चढवली. १०४ वर स्थिरावली.

माइक जोडला. पहिली दहा मिनिटं पाऊस पडल्यासारखी चरचर. ही बहुधा दमट हवेची असते. पडद्यावर आणि सॉकेटच्या पृष्ठभागावर ओल असली की साठलेला भार गळतो. नळी कोमट झाली तशी चरचर मावळली. मग बटण बदामावर ठेवून समोरून बोललो, मागून बोललो. मागचा आवाज पुष्कळ दबला. बटण वर्तुळावर नेलं आणि पुन्हा मागून बोललो. आता मागूनही तितकंच स्पष्ट. ही चाचणी फुकटची आणि फार बोलकी आहे. बदामावर फक्त समोरच्या पडद्याला व्होल्टेज मिळतं, वर्तुळावर दोघांना. मागचा पडदा मेलेला असेल तर वर्तुळ नुसतं नावाला उरतं, आणि बरेच विकणारे बदामावरच ऐकवून माइक गळ्यात मारतात.

आता भाव. मी रकमेत सुरुवात करत नाही, शंभराच्या मापात करतो. सर्व मूळ भाग असलेला, चालू, एम शिक्क्याचा व्हीएफ १४, चांगली कॅप्सूल, पेटी, वायर आणि लाकडी खोकं असलेला नग म्हणजे १००. हे शंभर किती, ते प्रत्यक्ष झालेल्या विक्रीवरून काढायचं. मागितलेल्या किमतीवरून नव्हे. मागायला काय, कोणीही काहीही मागतो. त्यातूनही नामवंत गायकाच्या नावासह विकलेले नग मी गाळतो. फ्रँक सिनात्रा यू ४७ समोर गात असे हे खरं, पण याच नगासमोर नव्हे.

व्हीएफ १४ नाही, वजा २८. सर्वांत मोठा घाव हाच, कारण त्यांची संख्या आता फक्त घटणारी आहे. अ‍ॅडॅप्टर सुबक आणि परत फिरणारं, म्हणून त्यातले ३ परत. एम ७ ची के ४७ झाली, वजा ६. मूळ एम ७ डब्यात आहे, अधिक ३. मूळ वायर आणि खोकं नाही, वजा ७. पॉलिश, वजा ४. (बाई म्हणाल्या, "एका दुपारचे चार!") पेटीत नवे कपॅसिटर, काही नाही, ते व्हायलाच हवे होते. ईएफ १४ साठी शून्य. बेरीज ६१. असे आकडे कोणी एका टक्क्याच्या अचूकतेने काढू शकत नाही, म्हणून मी लेखी ५८ ते ६५ असं दिलं. पहिल्या खरेदीदाराचा भाव याच मापात २५ होता. त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. न्यूव्हिस्टर न ओळखणारे पुष्कळ भेटतात. पण पेटीला भंगार म्हणणं मला जरा जास्त झालं.

माइक शेवटी ६० ला गेला, एका गायिकेकडे. तिने एकच प्रश्न विचारला: पुढेमागे व्हीएफ १४ मिळाला तर बसेल का? अ‍ॅडॅप्टर उपसून मी तिला रिकामं सॉकेट दाखवलं, आणि परत खोचलं. पावतीवर प्रत्येक भाग वेगळ्या ओळीत लिहिला: नळी मूळ, एक बाजू घासलेली; ट्रान्सफॉर्मर मूळ; कॅप्सूल के ४७, बदललेली; व्हॉल्व्ह न्यूव्हिस्टर; सोबत सुटी एम ७, न वाजणारी.

पत्र्याचा डबाही तिला दिला. ईएफ १४ पाकिटात परत घातला आणि खाकी कागदावर जाड पेनाने लिहिलं: "ईएफ १४. व्हीएफ १४ नव्हे. मोजून पाहिलंय." खाली तारीख टाकली.